आईच्या पाठीची चित्रं

मुडबी

प्रिय अण्णा,

तुला, वहिनीला आणि पोरांना जयभीम. रविवारी फोनवर तू एवढंच म्हणालास, "तो गठ्ठा जाळून टाक," आणि फोन ठेवलास. फोनवर आपलं बोलणं नेहमी अर्धंच राहतं, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच.

अप्पा गेल्यापासून त्यांची खोली बंदच होती. मागच्या महिन्यात कलबुर्गीच्या एका कला महाविद्यालयातून सुधारानी मॅडम आल्या. आपल्या भागातल्या शिल्पकारांची चित्रं, कागदपत्रं गोळा करून जपून ठेवायचं काम त्या करतात. कोणकोणत्या गावांतल्या विहारांत अप्पांच्या हातची बुद्धमूर्ती आहे, ते सगळं त्या बघून आल्या होत्या. आई त्यांच्याशी कन्नडात बराच वेळ बोलत बसली. चहा झाला आणि तिनं आपणहून किल्ली काढून दिली.

विहार कमिट्यांची पत्रं निघाली, दवाखान्याच्या कॉलेजात बसून काढलेली हाडांची चित्रं निघाली, आणि सगळ्यांत खाली आईच्या जुन्या लुगड्यात बांधलेला तो गठ्ठा. एका बाईची उघडी पाठ, खांदे, दंड, मान. चेहरा कुठंच नाही. प्रत्येक चित्राखाली अप्पांच्या बारीक अक्षरात स्नायूंची नावं. मी घाईनं झाकायला गेले, तर आईनं माझा हात बाजूला सारला. म्हणाली, "मीच हाय ती."

मग तिनं सांगितलं ते आपल्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. अप्पांनी पहिली मूर्ती घडवली, ती आपल्याच विहारातली. लोकांनी हात जोडले, पण जाता जाता कुणीतरी म्हणालं की मूर्तीचा हात चिकटवल्यासारखा दिसतो. अप्पांना अन्नपाणी गोड लागेना. दवाखान्यात हाडं बघून झाली, पण जित्या माणसानं हात उचलला की कातडीखाली काय हलतं, ते कुणाकडून शिकणार? गल्लीतले बाप्ये हसायचे, कुणी बसेना. शेवटी आई बसली. तुरीतलं खुरपण करून यायची, तांब्याभर पाणी प्यायची, दार लावून पाठमोरी बसायची. कधी बसल्या बसल्या डोळा लागायचा, अप्पा तेही काढायचे. ती मला म्हणाली, "शेतात समदे माझं काम बघायचे. तुजे अप्पा बघायचे तवा वाटायचं, माझ्यात बी काही बघण्यासारखं हाय."

एका चित्रात तिचा डावा खांदा फार उतरलेला आहे. असं कशामुळं, मॅडमनी विचारलं. आई हसायला लागली. त्या साली तू तापानं इतका खंगला होतास की कडेवरून उतरतच नव्हतास.

अण्णा, खिडकीतून कुणीतरी डोकावलं आणि मग शाळेत पोरं तुला काय काय म्हणायची, ते मला माहीत आहे. मी तुझ्या खालच्याच वर्गात होते. तेव्हापासून तू अप्पांच्या खोलीत पाय ठेवला नाहीस. तुझा फोन आल्यावर मी हे आईला सांगितलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ती जेवली नाही. "कामून सांगितलं न्हाई त्यानं मला?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. तुझा राग तिला आला नाही. तू एकट्यानं सोसलंस, याचं तिला लागलं.

मॅडमनी सांगितलं होतं की घरच्यांची इच्छा नसेल तर हा गठ्ठा मागे ठेवा, बळजबरी नाही. आईनं विचार करायला वेळ मागून घेतला. मग, तुझा फोन यायच्या आधीच, एक दिवस त्यांना फोन लावायला सांगितला आणि ठामपणे म्हणाली, चित्रं घेऊन जावा, पण प्रत्येकाखाली माझं नाव लिवा, सरुबाई. मॅडमनी आधी नाव गुप्त ठेवू म्हटलं होतं. त्यावर आई म्हणाली, "चित्रात तोंड न्हाई माझं. म्हणून तर नाव पायजे." मॅडमनी फोनवरच नाव लिहून घेतलं. आता कलबुर्गीत प्रदर्शन भरतंय आणि त्याचं उद्घाटन आईच्या हातून आहे.

तुला वाटेल, मी तुझी परवानगी मागायला लिहितेय. खरं सांगते, बसले होते त्याचसाठी. आई समोर ज्वारी निवडत होती. काय लिहायलीस म्हणून विचारलं तिनं. अण्णाला विचारतेय म्हटलं. तिचा हात सुपातच थांबला. म्हणाली, "इचारू नको त्याला. बोलीव." तिचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत, आणि हॉल वरच्या मजल्यावर आहे. माझा हात चालणार नाही म्हणते, नागेशचाच पाहिजे. तर तू ये. भिंतीकडं बघवलं नाही तर बघू नकोस. तिला वरपर्यंत घेऊन चल, आणि लोक तिला बघत असतील तेव्हा तिच्या शेजारी उभा राहा.

वाट बघणारी, तुझीच,
मंगल