बशीतून दिसणारं बोट

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

उशीर झाला लिहायला. दिवाळीच्या आधी वही उघडली होती, ती आज. चूक माझी, कबूल. पण दोन दिवस रागानं वहीच भिरकावून दिली होती!

चंदना गेली. गडहिंग्लजला, ऐश्वर्याकडं. लेकीकडं गेली म्हणजे चार दिवस राहायला नव्हे, रुसून गेली. उभ्या जन्मात कधी रुसली नाही. आता गुडघे धरल्यावर सुचलं!

नीट लिहितो. नाहीतर माझं मलाच नंतर उमजायचं नाही.

चातुर्मास संपवून आमच्या दिगंबर मुनिमहाराजांचा संघ बावड्यात आलाय, मंदिरात उतरलाय. चंदनाच्या मनात कधीपासूनचं एकच. आपल्या घरी महाराजांच्या आहाराचा चौका लावायचा, सोवळ्यात सगळं रांधायचं, दारात कलश धरून उभं राहायचं. महाराजांनी आपल्याच दारात थांबायचं आणि हिच्या हातचा घास त्यांच्या ओंजळीत पडायचा. एकदा तरी. आधी माझ्या आईचं आजारपण, मग भावाभावांची वाटणी, राहूनच गेलं. यंदा म्हणाली, "अहो, सोप्यातलं तुमचं कपाट तेवढं वर न्या की. महाराज तिथनंच आत यायचे."

"कपाटानं काय घोडं मारलंय?"

"न्या की तेवढं."

कारण विचारलं तर सांगेना. मग मीही हलवलं नाही. का हलवू? माणसांनी बघावं म्हणून तर सोप्यात ठेवलंय! माझी आयुष्यभराची जमवाजमव आहे त्यात. भांड्याचं दुकान होतं तेव्हा मोडीत तांब्या-पितळेबरोबर एक बशी आली. कुणा साहेबाच्या बंगल्यातली. निळा, विटकरी तांबडा, वर सोन्याची रेघ. नक्षी जपानी, भट्टी विलायतेची. जपान कधी न बघितलेल्या इंग्रजानं मनानं काढलेलं जपान! शेवंती कोबीएवढी, आणि कुंपण असं वाकडं की म्हैस सहज आत जाईल. बघतच राहिलो. तिथून नाद लागला तो लागला. मिरज, सांगली, बेळगाव. जिथं जुना बंगला मोडला तिथं मी हजर.

तर रविवारी पुण्याहून पुतण्या आला, अनेकांत. त्याला मी कप उन्हात धरून दाखवत होतो. पाठीमागं बोट धरलं की बोटाची सावली आरपार दिसते. ती दिसली की माल अस्सल. मिरजेच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं शिकवलेलं, मी जन्मभर तेच बघून घेत आलो. ज्यातून बोट दिसत नाही, त्याला मी दगड म्हणायचो आणि परत करायचो.

अनेकांत हसला. "काका, ह्येला बोन चायना म्हणत्यात. बोन म्हंजे हाड. निम्मी राख हाडाची असती हेच्यात, गुरांच्या हाडाची. म्हणून तर बोट दिसतंय."

मोबाइल काढून दाखवलंही वर! जैनाच्या घरात, चौक्याच्या तोंडावर!

मी बोंबललो. कारटं खोटं बोलतंय म्हणालो. चंदना गहू निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. चेहरा हलला नाही. नुसतं म्हणाली, "आता तरी न्या की वर."

आता तरी! माझं डोकं फिरलं. म्हणालो, "कपाट तसूभर हलणार न्हाई. चौका लावायचा तर दुसऱ्याच्या घरात लाव!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं गेली. चौक्याची नवी भांडी पिशवीत घालून घेऊन गेली. माझ्या घरात ठेवली नाहीत.

बुधवार, १२

फोन केला. ऐश्वर्यानं उचलला. "आईनं मौन घेतलंय."

"किती दिवसांचं?"

"दिवसांचं न्हवं अण्णा. तुमच्यापुरतं."

आणि मागं कुणीतरी हसलं! जावईच असणार. हसा. हसा!

गुरुवार, १३

रात्रभर उसाच्या ट्रॉल्या गेल्या कारखान्याकडं, त्यांची ती गाणी लावून. एक ट्रॉली गेली की कपाटातले कप किणकिणतात. एरवी मला बरं वाटायचं. काल वाटलं, हाडं वाजतायत.

मिरजेचा तो व्यापारी मेला म्हणून वाचला. जिवंत असता तर जाऊन गचांडी धरली असती. "बोट दिसतंय बघा आप्पासो, बोट!" म्हणे. दिसलं!

सकाळी तानाबाई कामाला आली. म्हणाली, "आज बेस्तरवार. वैनी न्हाईत, कपाट कोन पुसायचं?"

"तू पूस."

"म्या न्हाई बया. त्ये वैनींचं काम. त्या कुनाला हात लावू देत न्हाईत."

खरं आहे. दर गुरुवारी चंदनाच पुसायची, एकेक बशी, मऊ फडक्यानं. मला म्हणायची, तुमचे हात कापतात. मग परत आंघोळीला जायची. बंब दोनदा पेटायचा. पंचगंगा आटवतीस काय, म्हणायचो मी. धुळीची फार शिसारी तिला.

मीच पुसायला घेतलं. एका बशीचा कंगोरा दाराला लागून उडाला. कपाट बंद केलं.

शनिवार, १५

आज मंदिरात गेलो ते चुकलं. पायरीवर गल्लीतला बाळासो. सगळ्यांसमोर म्हणतो कसा, "काय आप्पासो, औंदा चौका लावनार म्हनं? महाराजांस्नी कपबशीत आहार देनार काय?"

सगळे फिदीफिदी. महाराज उभ्यानं ओंजळीत जेवतात, ताटसुद्धा घेत नाहीत. हे त्याला माहीत आहे आणि मलाही. अनेकांतानं गावभर केलंय! काठी उगारली होती मी. कुणीतरी धरलं म्हणून.

पुढं बाळासोच्याच दारात महाराज थांबले. त्याच्या सुनेच्या चौक्यात. मी लांब भिंतीला टेकून बघत होतो. चार घास झाले असतील, तेवढ्यात महाराजांनी ओंजळ सोडली. भातात केस निघाला. अंतराय. झालं, आता उद्यापर्यंत पाणीसुद्धा नाही. महाराज तसेच निघाले. ती पोरगी तिथंच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. कुणी तिला बोललं नाही, तरी रडली.

एक केस! केसानं जेवण सुटतं, तर हाड दिसल्यावर? आणि माझ्या सोप्यात कपाटभर आहे, वर सोन्याची रेघ मारलेली.

बाळासोवरचा राग गेलेला नाही. पण त्या पोरीचं तोंड डोळ्यापुढून हलत नाही.

रविवार, १६

रिकामं केलं कपाट.

सगळा माल अंगणात आणला. एकेक उन्हात धरला, मागं बोट. दिसतंय. दिसतंय. ह्यातनंही दिसतंय! माझं आवडतं सगळं, पातळ पापुद्र्यासारखं, सगळ्यातून माझंच बोट मला दिसतंय, काठीसारखं. शिव्या दिल्या. इंग्रजाला दिल्या, जपान्याला दिल्या. त्या जपान्याचा काय दोष? त्याच्या नक्षीत ह्यांनी हाडं कालवली, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! गाईगुरं मारून शेवंत्या काढल्या. आणि शहाणा मी, जन्मभर हुडकून हुडकून तेवढंच घेतलं. नुसता चांगला दगड समोर आला तर परत केला.

एकातूनच दिसलं नाही. झाकणाचं जाड भांडं, वर वाकडं झाड, खाली निळा ढग. जड. अनेकांत सांगत होता, अशा जाड मालात हाड नसतं. ते भांडं मी घेतलेलंच नव्हे. कागलच्या एका बंगल्यातला माल बघायला गेलो होतो तेव्हा चंदना सोबत होती. तिनंच हट्ट केला, "ह्ये घ्या की. चांगलं हाय, जड हाय." मी हसलो होतो. बायकांना भांडं जड लागतं म्हणालो.

बाकी सगळं पोत्यात, भुसा घालून, शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत नेऊन ठेवलं. दोन खेपा झाल्या, पाठ मोडली. फोडलं नाही. दगड उचलला होता. नाही फोडवलं.

सोपा धुतला. दोनदा.

सोमवार, १७

ऐश्वर्याला सांगितलं, आईला म्हणावं कपाट रिकामं आहे. भिंत धुतली. महाराज शनिवारी कागलकडं विहार करणार. अजून वेळ आहे.

"सांगते," म्हणाली. एवढंच!

माणसानं अजून काय करायचं? पोटच्या पोरासारखी चीज पोत्यात घालून उंदरांच्या हवाली केली, आणि हिला अजून नुसतं "सांगते"! नाक घासायला येऊ काय गडहिंग्लजला? नाही येणार. हिचा चौका, हिची हौस, आणि रुसायचंही हिनंच. माझं गेलं त्याचं कुणाला काही नाही.

मंगळवार, १८

फोन नाही. दाराशी तीनदा जाऊन आलो. तिन्ही वेळा ट्रॉली.

गुरुवार, २०

तानाबाई बंबाशी बसली होती. उघडं कपाट बघून म्हणाली, "बरं झालं बया. आता वैनींस्नी बेस्तरवारी दुसऱ्यांदा न्हायला नको."

हातातलं तसंच ठेवून ऐश्वर्याला फोन लावला. खोदून खोदून विचारलं. मग बोलली. "आईला ठावं होतं, अण्णा. मी कॉलेजात असतानाच वाचून तिला सांगितलेलं. ती म्हणाली, अण्णांस्नी कळू द्यायचं न्हाई. दुकान वाटणीत गेल्यापासनं तेवढ्या कपाटासाठी उठत्यात सकाळचं."

एवढी वर्षं. दर गुरुवारी. हाडं पुसायची, मग अंगावर पाणी घ्यायची. आणि मी पंचगंगा आटवतीस म्हणायचो.

आता रागवायला कुणी उरलं नाही. ट्रॉल्या जातायत, सोप्यात काही वाजत नाही. ते तुझं जड भांडं तेवढं ठेवलंय, तेही नको असलं तर उचलतो. ये असं म्हणायचं तोंड नाही मला, चंदना. महाराज परवा निघतील. दारात कलश कुणी धरायचा, तेवढा निरोप उद्याच्या उद्या धाड. लेकीच्या तोंडून धाड. मौन मोडू नको. पण धाड.