रेयोच्या काठीला माझा तंगूस

रेयो,

गप्प बसले असते तर आज गोठलेल्या तळ्यावरच्या गळाच्या स्पर्धेत जास्त मासे मीच धरले असते, आणि पैजेप्रमाणे जूनपर्यंत दर शनिवारी सॉना तापवायची लाकडं तू फोडली असतीस. पण मला गप्प बसवेना!

काल तू म्हणालास ना, "आइली, गळाला नायलॉनचा एकपदरी तंगूस म्हाताऱ्यांचा, विणलेली दोरी शहाण्यांची"? म्हणून दोन्हींचे तुकडे भिजवून रात्रभर बाहेर पायरीवर ठेवले. सकाळी उणे एकोणीस! तुझी शहाणी दोरी पाणी पिऊन काडीसारखी ताठ. माझा तंगूस मऊसूत, बोटाला गुंडाळला तरी तक्रार नाही. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

त्या दोरीपायी तुला दर घटकेला हातमोजा काढून काठीच्या कड्यातला बर्फ टोकरावा लागला असता. थंडीने बधिरलेल्या तुझ्या त्या दोन बोटांविषयी मी काही बोलत नाही; डॉक्टर बोलले तेवढं पुरे.

तंगूस एकाच काठीपुरता उरला होता. तो तुझ्या काठीला चढवलाय. गाठ सोडून बघत बसू नकोस, पक्की आहे. कॉफी थर्मासमध्ये आहे. शिट्टी नऊला, मी शेजारच्या हेल्वीबरोबर नावं नोंदवायला पुढे जाते.

तर हिशोब असा: तंगूस माझा गेला, तुझी ताठ दोरी माझ्या काठीला आली, दिवसभर बर्फ मी टोकरणार, आणि हरणाऱ्याच्या वाट्याची पहिल्या शनिवारची लाकडं आत्ताच फोडून सॉनापाशी रचलीत.

आइली