विमानातील वायफायचा कोड जमिनीवर मागता येत नाही व हवेत येत नाही, याबाबत

दिनांक : शनिवार

प्रति,
मा. प्रवासी सुविधा अधिकारी,
विमान कंपनीचे कार्यालय,
विमानतळ.

विषय : सोमवारच्या विमानात माझा फोन वायफायला जोडून मिळण्याबाबत.

संदर्भ : सोबत जोडलेले तिकीट.

महोदय,

मी निवृत्त गवंडी. नातू झाला म्हणून मुलीकडे आलो होतो. माझ्या पत्नीच्या गळ्याचे दुसरे ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरले होते, ते डॉक्टरांनी तातडीने सोमवारवर आणले. मला मिळालेले पहिले विमानही सोमवारचेच. तिला आत नेतील तेव्हा मी हवेत असेन.

१. गाठीमुळे पत्नीचा आवाज गेला. पहिल्या ऑपरेशनला नेताना तिने पाटीवर काहीतरी लिहून माझ्यापुढे धरले. मला वाचता येत नव्हते. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी वाचून दाखवले, "भीती वाटते." आमचे बोलणे परक्या तोंडून ऐकायला नको, म्हणून या वयात अक्षरे शिकलो. तेव्हापासून आमचा संसार लिहून चालतो. भांडणेही लिहूनच होतात, त्यात तिचे लिखाण जास्त.

२. आता तिने मेसेजने कळवले आहे, "आत नेताना मी लिहीन. तुमचं उत्तर आलं की जाईन, नाहीतर नाही." डॉक्टरांनी समजावले, तिच्या बहिणीने समजावले. ती ऐकत नाही आणि उशीर चालणार नाही.

३. येताना आपल्याच विमानात वायफाय होते. त्याचे पान फोनवर उघडले, त्यात माझा नंबर टाकला. "कोड पाठवला आहे" असे आले, कोड आला नाही. हवाई सेविका म्हणाली, "आजोबा, तो मेसेजने येतो. तुमचा फोन फ्लाइट मोडवर आहे ना, म्हणून येत नाही." मी म्हणालो, "तो तुम्हीच करायला लावलात, बाई." तिने हसून पाणी आणून दिले. विमान उतरल्यावर सगळे कोड एकदम आले. प्रत्येकात लिहिले होते, त्वरित वापरावा.

४. काल आपल्या खिडकीवर कोड आधीच मागितला. तेथील गृहस्थ म्हणाले, ते पान विमानातच उघडते. म्हणजे जमिनीवर पान उघडत नाही आणि हवेत कोड येत नाही. मी दरवाजा न ठेवता घर बांधले असते, तर मालकाने मला आतच ठेवले असते.

तरी कोडाशिवाय माझा फोन जोडून देण्याची सूचना विमानातील कर्मचाऱ्यांना द्यावी, ही विनंती. गाणी, चित्रे काही नको. एक ओळ यावी आणि एक जावी.

हे होणार नसेल तर रविवारी संध्याकाळपर्यंत स्पष्ट 'नाही' कळवावे. 'पाहतो' असे कळवू नये. मग मी विमानात बसणार नाही. इथेच फोन हातात धरून बसेन, तिला उत्तर देईन, आणि ती आत गेल्यावर मिळेल त्या विमानाने निघेन. मात्र शुद्धीवर आल्यावर ती पाटीवर पहिले जे लिहील, ते मी पोहोचण्याआधी पुन्हा दुसरेच कोणी वाचेल.

आपल्या उत्तरासाठी फोन उशाशी ठेवणारा,
(सही)
निवृत्त गवंडी

सोबत :
तिकिटाची प्रत
रुग्णालयाच्या पत्राची प्रत
उतरल्यावर आलेल्या कोडांचा फोटो