तिसऱ्या गोळीचा आवाज

धाकट्या,
अनेक आशीर्वाद, आणि कानाला एक चिमटा.

तुझी लेक नेमबाजीच्या संघात निवडली गेली! टाळ्या वाजवून वाजवून तळवे लाल झालेत, तेव्हा अक्षर सांभाळून घे. "दाराच्या कडीलाही दचकणारी पोर पिस्तूल काय चालवणार?" असं म्हणून तू स्पर्धेला यायचं नाकारलंस ना? मग ऐक आता.

तुझंच जुनं पिस्तूल घेऊन ती उभी राहिली. पाच गोळ्या झटपट झाडायच्या होत्या. तिसरीला नुसतं फुस्स झालं. दुसरं कुणी असतं तर घाईत पुढची झाडून मोकळं झालं असतं. ही मात्र दचकली. पिस्तूल निशाणाकडेच रोखून तिनं काहीतरी बिघडलंय हे पंचांना कळावं म्हणून डावा हात वर केला आणि थांबली. मला वाटलं, संपलं, बापाचं खरं झालं.

क्लबच्या मिस्त्रींनी पिस्तूल उघडलं. काडतुसात दारूच कमी होती, त्यामुळे गोळी नळीत अडकून बसली होती. पितळी कांबीनं हलकेच ठोकून त्यांनी ती बाहेर काढली, नळी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "ताई, पुढची सुटली असती तर नळी फुगली असती, पोरीची बोटंही गेली असती. नळी शाबूत आहे, आता हे पिस्तूल आपल्या दोघांपेक्षा जास्त टिकेल बघा."

मी तिथल्या तिथे पिस्तुलाला 'आयुष्मान् भव' म्हणून टाकलं. पंचांनी पाच गोळ्या पुन्हा झाडायला दिल्या. पाचही मधोमध!

हे पत्र मात्र पेटीत टाकत नाही. "आत्या, बाबांना मीच सांगणार," असं तिनं बजावलंय. संध्याकाळी ती तुझ्या दाराची कडी वाजवेल. तेव्हा तू दचक.

तुझी,
अजून टाळ्याच वाजवणारी थोरली