जेवणानंतरचा तास

१२ जुलै

प्रिय चिंगे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. बाबांचा खोकला थांबला, आईचा घसा मात्र बसलाय. धाकटी, म्हणजे तू, स्पेशालिस्टच्या परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाली, हे आईने भाजीवाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं. दुसरं काय होणार!

काकांची तर दातखीळ बसली. "असल्या आडवळणाच्या कॉलेजातले डॉक्टर पुढे या परीक्षेत आपटतात, आकडेच बघा," म्हणायचे ना? परवा आले, चहा प्यायले आणि आकड्यांचं नावही न काढता गेले.

मीही वॉर्डभर मिरवून घेतलं. नर्सबाई म्हणाल्या, "बहीण तुमच्याच नामांकित कॉलेजची का हो?"

म्हटलं, "नाही, तिचं कॉलेज लहान. ती मोठी."

"आणि तुम्हीही बसला होतात ना? तुमचं काय झालं?"

मला एकदम एका पेशंटचं सलाइन बघायचं आठवलं.

तुझे फोन उचलले नाहीत ते म्हणूनच. चिंगे, मी नापास झाले. लेखी उत्तम, तोंडीत गेले, मागच्या वेळेसारखीच. समोर पेशंट आणि परीक्षक दिसले की येतं तेही बोलता येत नाही. तुझ्या आनंदावर विरजण नको म्हणून आईबाबांना मीच गप्प बसवलं होतं.

आमच्याकडे मोठमोठे प्राध्यापक. ते बोलायचे, आम्ही खाटेभोवती दाटीवाटीने उभे राहून लिहून घ्यायचो. 'आता तू सांग' असं मला कधी कुणी म्हटलंच नाही. तुमच्याकडे शिक्षकांचा दुष्काळ, म्हणून जेवणं झाली की मेसमध्ये ज्याने दिवसा पेशंट पाहिला त्याने उभं राहून बाकीच्यांना शिकवायचं, आणि तो चुकला की सगळ्यांनी टेबलं बडवायची! तू सुट्टीत सांगायचीस आणि आम्ही पोट धरून हसायचो.

परीक्षकांनी मध्येच अडवलं तेव्हा तू म्हणालीस म्हणे, "सर, आधी माझं पूर्ण होऊ द्या." आईकडून ऐकलं आणि ऊर भरून आला. एवढी हिंमत तुला त्या मेसनेच दिली.

शनिवारी मी तुझ्याकडे येतेय. जेवण झालं की उभी राहून एक पेशंट सांगणार. तिथे ताईबिई काही बघायचं नाही. चुकले की टेबल बडवायचं, चांगलं दणकून.

तुझी ज्युनियर,
ताई