पत्र्याच्या वरचं ऊन

माय, शेजारच्याने पत्रा कापला. आठ फुटांचा होता, साडेतीन फुटांवर आणला, तोही स्वतः उन्हात उभं राहून. ही बातमी तुलाच पहिली द्यायची होती. तू जाऊन एकवीस वर्षं झाली हे मला ठाऊक आहे, माझं डोकं अजून ठिकाणावर आहे. पण ज्या मिरच्यांसाठी मी एवढा गोंधळ घातला त्या तुझ्या, मग सांगायचं कुणाला? लेकाला सांगायला गेले तर तो सुरतेहून फोनवर म्हणतो, "मम्मी, बाजारात मिरच्या मिळत नाहीत का?" नंदुरबार जिल्ह्यात जन्मलेलं पोरगं हे बोललं! मी फोन ठेवून दिला.

माझ्या लग्नात तू चिंधीत बांधून बी दिलं होतंस. धानोऱ्याला तुझ्या आईच्या परसातली मिरची, आखूड, जाड सालीची, वाळली की जांभळट पडणारी. तू जन्मभर नंदुरबारला पथारीवर, त्या मिरच्या वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, देठ खुडत बसलीस. लाखो मिरच्या तुझ्या हाताखालून गेल्या, पण ही जात तिथे कधी दिसली नाही, असं तूच सांगायचीस. मी दरवर्षी रोप केलं, दरवर्षी बी धरलं. मिरचीचं बी दोन वर्षांच्या वर भरवशाचं नाही. एक हंगाम गेला की जीव टांगणीला, आणि लागोपाठ दोन गेले की धानोऱ्याची मिरची संपली. कुठून आणणार मग? धानोऱ्याचं ते परस आता राहिलेलं नाही, त्यावर घर झालंय.

आणि नेमका गेल्या वर्षी हा पत्रा आला. शहाद्यात लोणखेड्याच्या अंगाला माझं घर, कौलांचं, गच्ची नाही. मागे दहा बाय बारा फुटांची बाग. दक्षिणेला शेजारी, मोठ्या नोकरीतून रिटायर झालेला माणूस. श्रावणात त्याने हद्दीवर हिरव्या पत्र्याची भिंतच उभी केली. तेव्हा काही कळलं नाही, ऊन डोक्यावर होतं. दसरा झाला, सूर्य दक्षिणेकडे कलला, आणि सावली वाफ्यात शिरली. दिवाळीपर्यंत सगळी बाग सावलीत. रोपं नुसती लांबडी झाली, फुलं गळाली. संक्रांतीला हातात सात मिरच्या. सात! मी त्या हातात धरून बागेतच रडले, खोटं कशाला बोलू.

मग गेले त्याच्या दारात. तो हात जोडून म्हणाला, "ताई, मन्ही जागा, मन्हा पत्रा. तुम्हनं काय जास?" त्या हात जोडण्यानेच माझं डोकं जास्त फिरलं. मी जे बोलले ते गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं, काहींनी तर खुर्च्या बाहेर आणल्या. पण पत्रा एक बोटभर हलला नाही. नगरपालिकेत गेले. तिथला क्लार्क म्हणाला, "हद्द त्यांची, पत्रा त्यांचा." मी विचारलं, "आणि ऊन कोणाचं?" तो म्हणाला, "मावशी, उन्हाचं खातं आमच्याकडे नाही."

घरी येऊन चूल पेटवली तशी तू आठवलीस. नऊ वर्षांची मी, तुझ्यासोबत पथारीवर आले आहे. नवीन गोडाऊन झालंय, दुपारनंतर त्याची सावली मिरच्यांवर पडते आहे, आणि मिरच्या ओलसर राहिल्या म्हणून मुकादम तुला शिव्या देतो आहे. मी उठून ओरडले, "गोडाऊन तुम्ही बांधलं, मायला कशाला बोलता?" तू सगळ्या बायांसमोर माझ्या थोबाडीत मारलीस. मग काही न बोलता घमेलं उचललंस आणि अख्खा ढीग, घमेल्यामागून घमेलं, उन्हात नेऊन पसरलास. रात्री भाकरीवर माझ्या चटणीत तेल जास्त घातलंस आणि म्हणालीस, "ऊन आपलाकडे येत नही, तं आपन उनकडे जावानं. कोनसंगे भांडी ऱ्हायनी तू?" तेल मी चाटूनपुसून खाल्लं, पण त्या थपडेचा राग कितीतरी वर्षं धरला. कुणाशी भांडत नाहीस म्हणून तू भित्री आहेस असं मला वाटायचं. त्या दिवशी, इतक्या वर्षांनी, चुलीपाशी बसून मला त्या वाक्यातलं अर्धं पटलं. उन्हाकडे जायचं. गुपचूप मात्र नाही.

ब्राह्मणपुरीला मामेभाऊ आहे. पूर्वी ज्वारी पेरायचा, आता पपई लावतो, त्यामुळे पाखरं राखायचं त्याचं मचाण पडून होतं. पोळा झाल्यावर ते ट्रॅक्टरमध्ये घालून आणलं आणि बागेत उभं केलं. पत्रा आठ फूट, मचाण नऊ फूट! तेलाच्या अकरा डब्यांत लावलेली रोपं दोराने वर ओढली. मी शिडी चढायला लागले तर भाऊ खालून ओरडतो, "आक्का, तू पडशी ना!" म्हटलं, पडले तर त्याच्याच अंगणात पडेन, काळजी नको.

वर गेले, आणि माय, काय ते ऊन! मानेवर, हातांवर, डब्यांवर, जिकडेतिकडे. महिनाभरात झाडं फुलांनी भरली. आणि दुसरी एक गोष्ट कळली. शेजारच्याने पत्रा का उभारला ते. रोज सकाळी चड्डी-बनियनवर, सुटलेलं पोट सांभाळत, तो अंगणात सूर्यनमस्कार घालतो. आमचा सूर्य अडवून! मी काही वाईट बोलले नाही. वरून नुसतं म्हणायचे, "राम राम, भाऊ. आज कमी झाले का?"

त्यात मिरच्या लाल व्हायला लागल्या आणि पोपट आले. पोपटांना मिरची किती प्रिय तुला सांगायला नको. मग काय, उजाडलं की मी मचाणावर, हातात रिकामा डबा आणि काठी, आणि ज्वारीच्या शेतात ओरडतात तशी आरोळी, "हाऽऽ हुर्रऽऽ!" तो बिचारा वाकलेल्या अवस्थेत दचकायचा. आठ दिवसांनी तो नगरपालिकेत गेला. तोच क्लार्क पाहायला आला, मचाणाभोवती दोनदा फिरला आणि त्याला म्हणाला, "साहेब, हद्द त्यांची, मचाण त्यांचं. मचाणासाठी आमच्याकडे फॉर्मच नाही." मला वरून हसू आवरेना. त्या क्लार्कला मी गुळाचा चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी तो मचाणाखाली येऊन उभा राहिला. मान वर करून. "ताई, खाले उतरा ना. काय पाहिजे ते सांगा." म्हटलं, ऊन पाहिजे. तो म्हणाला, पत्रा कापतो, तुम्ही मचाण काढा. मी कबूल केलं. त्याने आठवड्यात पत्रा कापला, आणि आता तो सूर्यनमस्कार घरात पंख्याखाली घालतो. डबे खाली आले, बागेत परत ऊन आलं. संक्रांतीला मी मोजायचा नाद सोडून दिला, दोन सुपं भरली होती. जांभळट, जाड सालीच्या, तुझ्याच. बी काढताना हातांची आग झाली, त्याच हाताने डोळा चोळला आणि आसवं गाळत हसत बसले. धानोऱ्याची मिरची वाचली, माय. तुझ्या लेकीने वाचवली, आणि भांडून वाचवली.

हा कागद कुठे टाकायचा नाही, बियांच्या डब्यात राहील. तेव्हा आता खरं सांगायला हरकत नाही. मचाण मी काढलेलं नाही. भावाचा ट्रॅक्टर मोकळा नाही असं शेजाऱ्याला सांगते, आणि तो ट्रॅक्टर दोनदा दारावरून गेला. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी वर जाते. शेजाऱ्याकडे पाठ करून, सातपुड्याकडे तोंड करून बसते. तू पथारीवर, मी अंगणवाडीत पोरं शिकवत, दोघींचा जन्म जमिनीवर बसून गेला, आणि बोलणारा माणूस कायम समोर उभा. मला वर बसायला फार आवडतं, माय. मिरच्या वाचल्या, पत्रा गेला, वर जायला आता एकही कारण उरलेलं नाही, आणि उद्या सकाळी मी परत चढणार आहे.