वाफेचा नळ नसलेला डबा

मी, वेंडेल थोरसन, वय ७८, घरोघरचे हीटर दुरुस्त करून आता निवृत्त, राहणार ड्युलुथ, मिनेसोटा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरने दिला आहे. तळघरात मांडलेली माझी खेळण्याएवढी छोटी रेल्वे त्याने पाहिलेली नाही.

१. घर व बँकेतली शिल्लक पत्नी मार्गिट हिला. तळघरात कपडे वाळत घालायला जागा दे, असं ती चाळीस वर्षं म्हणते आहे. आता घाल, बाई.

२. हत्यारं मुलगी लोईस हिला. बारीक ड्रिल जावयाच्या हाती देऊ नये.

३. रूळ, स्टेशनं व गाड्या आमच्या छोट्या रेल्वेच्या क्लबला. एक्स्प्रेस पार्सलचे डबे प्रवासी गाडीलाच जोडावेत. दिसायला ते मालडबे, पण खरे डबे ताजे मासे नि स्ट्रॉबेरी घेऊन प्रवासी गाडीच्या वेगाने पळायचे. कोणी ते मालगाडीला जोडल्यास माझी हरकत आत्ताच नोंदवतो.

४. मी घडवलेला पितळी एक्स्प्रेस डबा मिल्टन कोवाच याला. कारण लिहिणं भाग आहे. एकोणीस वर्षांपूर्वी क्लबच्या प्रदर्शनात मिल्टनने स्वतः बनवलेला असाच डबा गाडीला जोडला होता. मी तो उचलून उलटा केला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "वाफेचा नळ कुठाय रे? इंजिनाची वाफ मागच्या डब्यांना ऊब द्यायला जाणार कशी? तुझे प्रवासी गारठून मेले की." लोक हसले. मिल्टन डबा घेऊन गेला, तो पुन्हा क्लबात आला नाही.

पण त्याने डबा गाडीच्या अगदी शेवटी जोडला होता. मागे गारठायला कोणी नव्हतंच. जन्मभर हीटर दुरुस्त केलेल्या माणसाला हे घरी पोचल्यावर कळलं. तेव्हाच परत जायला हवं होतं. लाज वाटली, अजून वाटते.

मार्गिटने एवढं वाचलं. म्हणाली, "मेल्यावर माफी मागणार होय? जिवंतपणी तोंड शिवलंय का तुझं?" आणि साक्षीला मिल्टनलाच फोन करून बोलावलं.

मिल्टन आला. कलम ४ दोनदा वाचून म्हणाला, "एकोणीस वर्षं लागली व्हय तुला, गाडीचं शेपूट बघायला?"

"चुकलं माझं," मी म्हणालो.

त्याने पितळी डबा उलटा करून खालचा नळ निरखला. "बरा केलायस." मार्गिटने कॉफी ठेवली.

दुरुस्ती: ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करू नये, असं वकिलाने बजावलं आहे. सबब कलम ४ रद्द. डबा मिल्टनच्या कोटाच्या खिशात गेलेला आहे. मंगळवारी तो आपला जुना डबा घेऊन येणार आहे. तोवर हे मृत्युपत्र लागू होऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

ड्युलुथ, १२ फेब्रुवारी २००९
सही: वेंडेल थोरसन
साक्षीदार: १. इंगा साल्मेला, शेजारीण
२. मिल्टन कोवाच, मित्र